प्रकरण अभ्यास: चार ॲल्युमिनियम अणूंचा चौरस ॲरोमॅटिक, पण कोणत्या इलेक्ट्रॉनांमुळे?

धातूंच्या छोट्या क्लस्टरवर (मोजक्या अणूंच्या पुंजक्यावर) काम करणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: गणिताने सुंदर चौरस किंवा त्रिकोण दिला, इलेक्ट्रॉनही सगळे वलयभर पसरलेले दिसतात, तर याला ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखे वलयभर सामाईक इलेक्ट्रॉनांमुळे विशेष स्थिर, म्हणायचे का? ॲल्युमिनियमच्या चौरसाचे प्रकरण यासाठी मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. त्यात प्रयोग उत्तम होता, गणित उत्तम होते आणि रचनाही बरोबर निघाली. वाद झाला तो फक्त स्पष्टीकरणावर.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा एक लेख आला. अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठातले अलेक्झांडर बोल्डिरेव्ह (गणित) आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले लाय-शेंग वांग (प्रयोग) यांच्या गटांचे ते संयुक्त काम. दावा असा होता की ॲरोमॅटिकपणा केवळ कार्बनच्या वलयांपुरता मर्यादित नाही; चार ॲल्युमिनियम अणू आणि दोन जादा इलेक्ट्रॉन यांचा सपाट चौरसही ॲरोमॅटिक आहे. या आयनाला पुढे सोयीसाठी ‘द्विऋण’ म्हणू, आणि चार जादा इलेक्ट्रॉन असलेल्याला ‘चतुर्ऋण’.

आधी हिशेब मांडून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन तीन. चार अणूंचे बारा, त्यात जादा दोन, म्हणजे चौदा. सात जोड्या. यातल्या चार जोड्या मुख्यतः ३एस ऑर्बिटलमधल्या (ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे वावरतो तो ठरावीक आकाराचा प्रदेश). त्या आपापल्या अणूवर एकाकी जोडीसारख्या बसून राहतात आणि बंध जोडण्यात फारसा भाग घेत नाहीत. उरल्या तीन जोड्या, सहा इलेक्ट्रॉन. चौरसाच्या बाजू मात्र चार. तीन जोड्या चार बाजूंवर समान वाटायच्या तर एकही जोडी एका बाजूची राहू शकत नाही. तिन्ही जोड्या चारही अणूंवर पसरतात: एक पाय (π) जोडी, म्हणजे वलयाच्या प्रतलाच्या वर-खाली; दुसरी सिग्मा (σ) जोडी, म्हणजे प्रतलातच, केंद्राकडे रोखलेली; तिसरीही सिग्माच, पण कडेकडेने फिरणारी.

हकेलचा ४एन+२ हा नियम (वलयभर पसरलेले इलेक्ट्रॉन २, ६, १० असे असतील तर ॲरोमॅटिक) यातल्या प्रत्येक जोडीला वेगळा संच मानून लावला, तर तिन्ही ठिकाणी दोन इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे एन शून्य. तीनही संच नियमात बसतात. प्रकरणाची मेख इथेच आहे.

अडचण

सुटे द्विऋण मोजता येत नाही. एवढ्याशा चौरसावर दोन ऋण प्रभार ठेवले की ते एकमेकांना लोटतात आणि दुसरा इलेक्ट्रॉन आपोआप निसटतो. वायुरूपात त्याचे आयुष्य फेम्टोसेकंदांच्या घरात असल्याचे पुढे गणितातूनही दिसले. गणित करणाऱ्याला हाच दोष वेगळ्या रूपात भेटतो. बेसिस सेट, म्हणजे ऑर्बिटल रचायला वापरलेल्या गणिती फलनांचा संच, बेताचा असेल तर संगणक नाइलाजाने इलेक्ट्रॉन चौरसावरच ठेवतो आणि आकडे शहाण्यासारखे दिसतात. लांबवर पसरणारी फलने एकामागून एक घालत गेलो की वरची ऑर्बिटल फुगू लागतात आणि इलेक्ट्रॉन अक्षरशः रेणूबाहेर जाऊन बसतो. व्यापलेल्या ऑर्बिटलची ऊर्जा धन आली, तर तिथेच थांबावे. मोठा बेसिस घेतला म्हणून उत्तर सुधारेल ही इथे चुकीची समजूत ठरते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे फक्त गणित करून दावा मांडणे. तो सोपा होता, पण अस्तित्वातच नसलेल्या आयनाबद्दल कोणी विश्वास ठेवला नसता. दुसरा पर्याय: द्विऋणाला एक धन आयन जोडून एकूण प्रभार उणे एक करायचा. मग ते टिकते, वस्तुमानानुसार वेगळे काढता येते आणि त्यातून इलेक्ट्रॉन उडवून मोजताही येतो. पण त्यात शंका अशी की दिसणारा चौरस ॲल्युमिनियमचा स्वतःचा, की जोडलेल्या धातूने घडवलेला?

गटाने दुसरा पर्याय घेतला आणि शंकेचे उत्तर प्रयोगाच्या आखणीतच दिले. धन आयन एक नव्हे, तीन वेगवेगळे: लिथियम, सोडियम आणि तांबे. तांबे तर अल्कली धातूही नव्हे. तिघांसोबत चौरस तोच राहिला, तर तो चौरसाचा स्वतःचा गुण. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, असे आम्हाला वाटते. एकाच धातूवर काम थांबले असते, तर पुढची वीस वर्षे त्या धातूच्या भूमिकेवर वाद चालला असता.

काय केले: प्रयोग

मिश्रधातूच्या चकतीवर लेझरचा झोत मारायचा, उडालेली वाफ हेलियमच्या झोतात थंड होऊन तिचे क्लस्टर बनतात, त्यांतले ऋण आयन उड्डाणकाल पद्धतीने वस्तुमानानुसार वेगळे करायचे, हव्या वस्तुमानाचा आयन निवडून त्यावर दुसरा लेझर मारायचा आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा वेग ‘चुंबकीय बाटली’ प्रकारच्या यंत्रात मोजायचा. फोटॉनच्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा वजा केली की त्याची बंधन-ऊर्जा मिळते.

वस्तुमानाची निवड दिसते तितकी सरळ नसते. ॲल्युमिनियमचा समस्थानिक व्यवहारात एकच, २७. चार अणूंचे १०८. लिथियमसह ११५, शिवाय लिथियम-६ मुळे ११४ वर छोटे शिखर. सोडियमसह १३१. तांब्यासह १७१ आणि १७३, तांब्याच्या ६३ आणि ६५ या समस्थानिकांमुळे. मोठे आणि छोटे शिखर निसर्गातल्या प्रमाणात आले, तर ओळख पक्की. लिथियमच्या बाबतीत एक सावधगिरी हवी: चार ॲल्युमिनियम आणि सात हायड्रोजन यांचे वस्तुमानही ११५ च भरते. चकतीत ओलावा असेल तर हायड्राइडांची एकेका एककाने वाढणारी रांग दिसते. ती दिसली तर आधी चकती बदलावी, मग वर्णपट घ्यावा.

लेझरची तरंगलांबी निवडतानाही असाच विचार लागतो. या यंत्राची विभेदनक्षमता इलेक्ट्रॉनच्या गतिज ऊर्जेच्या सुमारे २.५ टक्के असते. या क्लस्टरांची पहिली शिखरे साधारण २ ते २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात येतात. १९३ नॅनोमीटरचा (६.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट) लेझर घेतला तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनकडे चारहून जास्त इलेक्ट्रॉन-व्होल्ट उरतात आणि शिखर ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने पसरते. ३५५ नॅनोमीटर (३.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट) घेतला तर उरलेली ऊर्जा दीडच्या आत आणि पसारा ०.०४ च्या आत. पहिली दोन शिखरे एकमेकांना अगदी चिकटलेली आहेत. ती सुटी दिसायला ३५५ च हवा. खोलवरच्या शिखरांसाठी मात्र २६६ आणि १९३ लागतात. म्हणून तिन्हींवर मोजायचे, एकावर भागवायचे नाही.

तिन्ही क्लस्टरांचे वर्णपट जवळजवळ एकाच नमुन्याचे निघाले. शिखरे थोडी पुढे-मागे सरकली, पण त्यांचा क्रम आणि आपसातले अंतर कायम राहिले.

काय केले: गणित

रचना बी३एलवायपी (घनता-फलनक पद्धत) आणि सीसीएसडी(टी) (जास्त अचूक, पण महाग पद्धत) या दोन पद्धतींनी, ६-३११+जी* नावाच्या बेसिसवर काढली. तिन्ही आयनांत पिरॅमिड निघाला: खाली ॲल्युमिनियमचा चौरस, माथ्यावर धन आयन. सुट्या द्विऋणाच्या चौरसाची बाजू २.५८ अँगस्ट्रॉम. वर्णपटातल्या शिखरांची ओळख ओव्हीजीएफ पद्धतीने पटवली; ती इलेक्ट्रॉन उडवायला लागणारी ऊर्जा थेट काढते.

शेवटच्या पायरीवर नवशिक्या हमखास चुकतो. कोन-शॅम ऑर्बिटलची (बी३एलवायपीसारख्या पद्धतीतून मिळणाऱ्या ऑर्बिटलची) ऊर्जा उलट चिन्हाने वाचून ती सरळ शिखराशेजारी मांडतो आणि दीड-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक आला की गोंधळतो. ती तुलनाच चुकीची. ऋण आयनाची रचना तशीच गोठवून तिच्यावरच उदासीन क्लस्टरची ऊर्जा काढावी आणि दोहोंची वजाबाकी करावी, किंवा ओव्हीजीएफसारखी पद्धत घ्यावी. रचनांचे इतर समघटकही (त्याच अणूंच्या वेगळ्या मांडण्या) तपासायला हवेत: धन आयन माथ्याऐवजी कडेला असलेला, त्रिमितीय, त्रिक अवस्थेतला (दोन इलेक्ट्रॉन जोडी न करता समान फिरकीचे राहिलेला). प्रत्येकाचा वर्णपट स्वतंत्र काढून प्रयोगाशेजारी ठेवला तरच ‘हीच रचना’ असे म्हणता येते. ऊर्जेने सर्वांत खालची म्हणून तीच खरी, एवढे पुरेसे नाही.

वळण: पाय की सिग्मा

इथवर सगळे निर्विवाद. लेखाने ॲरोमॅटिकपणाचे श्रेय मात्र दोन पाय इलेक्ट्रॉनांना दिले. हे स्वाभाविक होते. बेंझीनपासून रसायनशास्त्राची सवयच ती. सर्वांत वरचे व्यापलेले ऑर्बिटल पाय जातीचे होते, चौरस सपाट होता आणि ४एन+२ जुळत होते.

त्याच वर्षी पॅट्रिक फाउलर, रेम्को हॅवेनिथ आणि एरिक स्टायनर यांनी वेगळ्या बाजूने तपासले. चुंबकीय क्षेत्र लंब दिशेने लावले तर वलयात प्रवाह कोणत्या इलेक्ट्रॉनांचा वाहतो, हे त्यांनी ऑर्बिटलनिहाय नकाशे काढून पाहिले. प्रवाह होता, वलयभर होता आणि ॲरोमॅटिक दिशेचाच होता. पण तो वाहत होता चार सिग्मा इलेक्ट्रॉनांचा. दोन पाय इलेक्ट्रॉनांचा त्यात जवळपास वाटाच नव्हता.

म्हणजे ‘ॲरोमॅटिक’ हा निष्कर्ष टिकला आणि ‘का’ हे उत्तर बदलले.

दुसरे माप होते निक्स (NICS), १९९६ मध्ये पॉल श्लायर यांनी रूढ केलेले. वलयाच्या मधोमध काल्पनिक अणू ठेवून तिथले चुंबकीय आच्छादन (बाहेरचे चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉन किती अडवतात ते) काढायचे आणि चिन्ह बदलून लिहायचे. ऋण म्हणजे ॲरोमॅटिक. द्विऋणासाठी ते उणे ३० च्याही खाली जाते, तर बेंझीनसाठी उणे १० च्या आसपास राहते. आकडा तिप्पट म्हणून ॲरोमॅटिकपणा तिप्पट, असा अर्थ काढणे चूक. एका बिंदूवर सगळ्या इलेक्ट्रॉनांची बेरीज येते: एकाकी जोड्या, आतले कवच, अणूभोवतीच फिरणारे स्थानिक प्रवाह. वलय जितके लहान तितकी ही भेसळ जास्त. सायक्लोप्रोपेनमध्ये पाय इलेक्ट्रॉन एकही नाही, तरी केंद्रावर मोठा ऋण आकडा येतो. आणि निक्सचे ऑर्बिटलनिहाय तुकडे केले की पाय जोडीलाही मोठा वाटा मिळतो. प्रवाहाचा नकाशा तिला देत नाही. दोन्ही गणिते बरोबर आहेत. एक बिंदूवरचे आच्छादन सांगते, दुसरे वलयातला प्रवाह. प्रश्नच दोन आहेत.

ऊर्जेचा निकषही असाच हातातून सुटतो. २००२ मध्ये सोडियमच्या दोन आयनांसह असलेल्या उदासीन क्लस्टरसाठी संस्पंदन ऊर्जा (इलेक्ट्रॉन पसरल्यामुळे मिळणारी जादा स्थिरता) सुमारे ३० किलोकॅलरी प्रति मोल काढली गेली, बेंझीनच्या सुमारे २० शी तुलना करून. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका गणिताने चौरसासाठी ६४ केक्युले-सारख्या मांडण्या (बंध कुठे-कुठे काढता येतील त्याची वेगवेगळी चित्रे) मोजल्या आणि ऊर्जेचा अंदाज कितीतरी वर नेला. तफावत क्लस्टरमध्ये नाही, तुलनेसाठी घेतलेल्या ‘ॲरोमॅटिक नसलेल्या’ रेणूत आहे. कार्बनसाठी सायक्लोहेक्झीन सहज मिळते. ॲल्युमिनियमसाठी तसा आधार कोणीतरी निवडावा लागतो, आणि निवडणाऱ्यागणिक उत्तर बदलते.

दुसरे वळण: चतुर्ऋण

२००३ मध्ये त्याच दोन गटांनी पुढची पायरी गाठली. चौरसावर चार जादा इलेक्ट्रॉन, तीन लिथियम आयनांच्या आधाराने, एकूण प्रभार उणे एक. आता पाय इलेक्ट्रॉन चार, म्हणजे ४एन. चौरसात त्यांतले वरचे दोन समान ऊर्जेच्या दोन ऑर्बिटलांत एकेक बसतात. वलय दबून आयत बनले की त्या दोन ऑर्बिटलांची ऊर्जा वेगळी होते आणि खालचे एक पूर्ण भरते. गणितातही आयतच निघाला, दोन बाजू आखूड, दोन लांब. सायक्लोब्युटाडाइनची, म्हणजे चार पाय इलेक्ट्रॉन असलेल्या कार्बनच्या अस्थिर चौकोनी वलयाची, हुबेहूब आठवण. लेखाच्या शीर्षकातच ‘अँटिॲरोमॅटिक’ (वलयातल्या ४एन इलेक्ट्रॉनांमुळे उलट अस्थिर झालेले) आले.

त्याच वर्षी श्लायर आणि सहकाऱ्यांनी प्रश्न केला: संपूर्ण धातूचे अँटिॲरोमॅटिक क्लस्टर असतात तरी का? त्यांच्या निक्स-विभाजनात पाय इलेक्ट्रॉनांचा वाटा अँटिॲरोमॅटिक दिशेचा आला खरा, पण सिग्माचा उलटा वाटा त्याहून मोठा. बेरीज ॲरोमॅटिकच्या बाजूला.

या टप्प्यावर प्रकरणात पुण्याचे नाव येते. २००४ मध्ये हॅवेनिथ, फाउलर आणि स्टायनर यांच्यासोबत पुणे विद्यापीठाचे दिलीप कान्हेरे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे सौरव पाल आणि शरण शेट्टी यांनी लिथियम-ॲल्युमिनियमच्या या मालिकेतले वलय-प्रवाह इलेक्ट्रॉनांच्या मोजणीशेजारी ठेवून तपासले. लेखाच्या शीर्षकातच प्रवाहाचे नमुने एका बाजूला आणि इलेक्ट्रॉन-गणना दुसऱ्या बाजूला आहेत. चार पाय इलेक्ट्रॉन मोजले आणि निकाल लागला, एवढे सोपे हे नाही. सिग्माचा प्रवाह हिशेबात धरावाच लागतो.

निकाल

चतुर्ऋणासाठी पुढे ‘परस्परविरोधी ॲरोमॅटिकपणा’ हा शब्द रुळला: सिग्मात ॲरोमॅटिक, पायमध्ये अँटिॲरोमॅटिक. द्विऋणाला बहुविध (सिग्मा आणि पाय दोन्हींत) ॲरोमॅटिक म्हणू लागले. २००८ मध्ये झुबारेव्ह आणि बोल्डिरेव्ह यांनी मांडलेल्या एडीएनडीपी पद्धतीने (इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एक, दोन किंवा जास्त अणूंवर वाटून दाखवणारी पद्धत) द्विऋणाचे चित्र स्वच्छ केले: चार एकाकी जोड्या, चारही अणूंना सामाईक असलेला एक पाय बंध आणि तसेच दोन सिग्मा बंध. आठ अधिक सहा, चौदा. आमच्या मते २००१ मधला पहिला लेखच या भाषेत लिहिला गेला असता तर निम्मा वाद टळला असता, पण तेव्हा हे साधन हाताशी नव्हते.

आज हेच करायचे तर

सुटे द्विऋण संदर्भापुरते ठेवावे आणि आकडे धन आयनासह असलेल्या क्लस्टरचेच द्यावेत. संदर्भासाठी काढायचेच असेल, तर ६-३११+जी* सारखा बेताचा बेसिस घ्यावा, ऑर्बिटल-ऊर्जेची चिन्हे लिहावीत आणि बेसिस वाढवल्यावर बाजूची लांबी हलते का ते पाहावे.

निक्स एका बिंदूवर काढू नये. चौरसाची बाजू २.५८ अँगस्ट्रॉम म्हणजे केंद्रापासून प्रत्येक अणू १.८२ अँगस्ट्रॉमवर, बेंझीनमध्ये हेच अंतर १.३९. बेंझीनसाठी ठरलेली ‘एक अँगस्ट्रॉम वर’ ही उंची इथे सारख्या जागी पडत नाही. म्हणून केंद्रापासून लंब दिशेने ० ते ४ अँगस्ट्रॉमपर्यंत दर ०.२ ला काल्पनिक अणू ठेवावेत, एकवीस बिंदू, आणि आच्छादनाच्या दिशानिहाय घटकांपैकी (टेन्सरपैकी) फक्त लंब घटक नोंदवावा. पिरॅमिडमध्ये ही रांग धन आयनाच्या विरुद्ध बाजूला न्यावी. माथ्याच्या बाजूने नेली तर लिथियमचा किंवा तांब्याचा स्वतःचा प्रभाव आकड्यात मिसळतो आणि तो वेगळा काढता येत नाही.

मग प्रवाहाचा नकाशा, सिग्मा आणि पाय वेगळे. एवढा एक नकाशा निक्सच्या दहा तक्त्यांपेक्षा जास्त सांगतो. वेळेअभावी एकच काही करायचे असेल तर हेच करावे.

एडीएनडीपी चालवताना उंबरठा, म्हणजे जोडी मानायला किमान किती इलेक्ट्रॉन (दोनपैकी) हवेत तो आकडा, किती ठेवला ते लिहावे. आधी एका अणूवरच्या जोड्या, मग दोन, तीन, चार अणूंवरच्या, याच क्रमाने शोध घ्यावा. उंबरठा १.७ च्या खूप खाली आणला तर पद्धत दोन अणूंमधले खोटे बंध दाखवू लागते, आणि चार बाजूंपैकी काहींवरच बंध दिसतात. सममित चौरसात असा असमतोल दिसला, तर दोष उंबरठ्यात आहे, रेणूत नाही.

चतुर्ऋणासारख्या क्लस्टरमध्ये एकल (सगळे इलेक्ट्रॉन जोडीत) आणि त्रिक अवस्था दोन्ही, आयत आणि चौरस दोन्ही, आणि लिथियमच्या निरनिराळ्या जागा काढून पाहाव्यात. लिथियम हलके, त्याचे समघटक ऊर्जेने जवळजवळ असतात आणि वर्णपटात एकाहून जास्त उतरू शकतात. सीसीएसडी(टी) मधले टी१ हे विश्वासार्हता तपासण्याचे मूल्य ०.०२ च्या वर गेले, तर एका निर्धारकावर, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या एकाच मांडणीवर, आधारलेल्या पद्धतीवर विसंबू नये.

आणि निष्कर्षाच्या वाक्यात ‘क्लस्टर ॲरोमॅटिक आहे’ असे न लिहिता कोणते इलेक्ट्रॉन, कोणत्या मापाने आणि कोणत्या संदर्भाशी तुलना करून, ही तीन उत्तरे त्याच वाक्यात द्यावीत.

हा प्रश्न ॲल्युमिनियमपाशी संपलेला नाही. २०२१ मध्ये मँचेस्टरच्या स्टीव्ह लिडल यांच्या गटाने थोरियमच्या तीन अणूंचे स्फटिकरूप संयुग ‘नेचर’मध्ये मांडले आणि तीन अणूंना सामाईक असलेल्या सिग्मा जोडीमुळे ते ॲरोमॅटिक आहे असे म्हटले. २०२२ मध्ये त्याच नियतकालिकात कुयाकोट आणि फोरौतान-नेजाद यांनी आक्षेप घेतला: संयुग स्थिर आहे, पण ॲरोमॅटिक नाही. स्फटिकाच्या रचनेवर आक्षेप नव्हता. तोच तो जुना प्रश्न होता: सामाईक जोडी आहे हे मान्य, पण तिचा प्रवाह वलयात खरोखर वाहतो का.